ऐकू येणारा फॉर्म

पुणे महसुली विभागात पाच जिल्हे, आणि त्यांतले तीन ‘स’ने सुरू होणारे: सांगली, सातारा, सोलापूर. डोळ्यांनी फॉर्म भरणाऱ्याच्या हे कधी लक्षातही येत नाही. यादी उघडली, सातारा दिसलं, क्लिक केलं, संपलं. ज्याला पडदा दिसत नाही, जो कीबोर्डवर बोटं आणि आवाजावर कान ठेवून फॉर्म भरतो, त्याच्यापुढे मात्र या तीन ‘स’मधून एक छोटंसं नाट्य उभं राहतं. जिल्ह्याच्या चौकटीत येऊन तो ‘स’ दाबतो. संगणक म्हणतो, ‘सांगली’. पुन्हा ‘स’. ‘सातारा’. हवं ते सापडलं. पण फॉर्म बनवणाऱ्यानं ‘जिल्हा बदलला रे बदलला की तालुके आण’ असा हुकूम देऊन ठेवला असेल, तर पहिल्याच ‘स’ला पान नव्यानं उतरू लागतं. मिरज, तासगाव, जत, आटपाडी अशी सांगलीची दहाच्या दहा मंडळी येऊन बसतात आणि कर्सर उडून पानाच्या अगदी वरच्या टोकाला जातो. पुन्हा खाली या, पुन्हा जिल्ह्यापर्यंत पोचा. साताऱ्याच्या माणसाला साताऱ्यात शिरण्याआधी सांगलीत उतरावं लागतं, तेही मर्जीविरुद्ध.

हा बोलणारा संगणक म्हणजे स्क्रीन रीडर. पडद्यावरचा मजकूर आवाजात सांगणारं सॉफ्टवेअर, एवढी त्याची ओळख बहुतेकांना असते. गंमत अशी की नावात ‘स्क्रीन’ असूनही हा गडी वेबपान वाचताना पडद्याकडे सहसा बघतच नाही. कुठला रंग, कुठलं अक्षर ठळक, डावीकडे काय नि उजवीकडे काय, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. वेबपान उघडलं की ब्राउझर ते आपल्यासाठी रंगवतो, आणि स्क्रीन रीडरनं मागितली की त्याच पानाची दुसरी एक प्रत तयार करतो. त्या प्रतीत चित्र नसतं, माहिती असते. पानावरच्या प्रत्येक वस्तूबद्दल मोजक्या गोष्टी: तिचं नाव काय, ती आहे कोण (बटन, चौकट, यादी, दुवा), तिची अवस्था काय (टिक केलेली की नाही, भरणं सक्तीचं की ऐच्छिक), आणि तिच्यात या क्षणी काय भरलेलं आहे. तंत्रज्ञ या प्रतीला ‘ॲक्सेसिबिलिटी ट्री’ म्हणतात. एकाच पानाची दोन रूपं, एक बघायचं आणि एक ऐकायचं, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी जन्मभर त्यातलं एकच पाहिलेलं.

सांगलीकरांना हे समजायला जड जाऊ नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तेव्हा पदं गाऊन कथानक पुढे नेण्याचं काम सूत्रधाराचं होतं. कोण आलं, काय चाललंय, हे तोच सांगायचा. स्क्रीन रीडर त्याच कुळातला सूत्रधार. फक्त याला पदरचं काही घालता येत नाही. संहितेत असेल तेवढंच बोलेल, आणि संहिता लिहायची असते फॉर्म बनवणाऱ्यानं.

आता एक चौकट कानानं बघू. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आहे असं धरा. पडद्यावर डावीकडे ‘अर्जदाराचे नाव’ असं लिहिलंय, उजवीकडे रिकामी चौकट. दोन्ही शेजारी आहेत म्हणून डोळा त्यांची सांगड घालतो. त्या दुसऱ्या प्रतीत शेजार या गोष्टीला काडीची किंमत नाही. त्यामुळे टॅब दाबल्यावर ऐकू येतं: ‘एडिट, ब्लँक.’ पुन्हा टॅब: ‘एडिट, ब्लँक.’ तिसऱ्यांदा: ‘एडिट, ब्लँक.’ तीन रिकाम्या चौकटी आहेत एवढं कळलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव? की नाव, वय, मोबाईल? ज्यानं त्यानं अंदाज बांधायचा.

हेच नीट केलेल्या फॉर्ममध्ये ऐका: ‘अर्जदाराचे नाव, एडिट, रिक्वायर्ड, ब्लँक.’ काय भरायचं, कशात भरायचं, सक्तीचं आहे का, आधी काही भरलंय का, चारही प्रश्नांची उत्तरं एका दमात. या दोन अनुभवांमध्ये फरक किती कामाचा? एका ओळीचा. ‘लेबल’ नावाचा टॅग मजकुराभोवती लावायचा आणि त्याच्या ‘फॉर’मध्ये चौकटीचा ‘आयडी’ लिहायचा. शेजार्‍याची सांगड आता कायमची झाली, कागदोपत्री. ही सोय वेबच्या भाषेत १९९७ च्या डिसेंबरपासून आहे. तिचा फायदा डोळसांनाही होतो: ‘मला अटी मान्य आहेत’ या शब्दांवर बोट टेकवलं तरी शेजारचा इवलासा चौकोन टिक होतो. उसाच्या फडात उभं राहून ओल्या हातानं मोबाईल चालवणाऱ्याला त्या चौकोनावर नेम धरत बसावं लागत नाही.

एवढं स्वस्त असूनही जगभर ते राहून जातं. अमेरिकेतल्या युटा राज्यातली वेबएम ही संस्था दरवर्षी सर्वाधिक वापराच्या १० लाख संकेतस्थळांची मुखपानं यंत्रानं तपासते. २०२४ मध्ये त्यांतल्या ९५.९ टक्के पानांवर सुगम्यतेच्या त्रुटी सापडल्या, आणि ४८.६ टक्के पानांवर निनावी चौकटी होत्या. जवळजवळ निम्मी पानं.

नावाचा प्रश्न सुटला की पुढचे प्रश्न दिसू लागतात, आणि ते जास्त मजेशीर आहेत. ‘अर्जदार भूमिहीन आहे का?’ असा प्रश्न आणि खाली ‘होय’, ‘नाही’ अशी दोन गोल बटनं. प्रत्येकाला नाव आहे. ऐकणाऱ्याला ऐकू येतं, ‘होय, रेडिओ बटन, नॉट चेक्ड.’ कशाला होय? प्रश्न वर राहिला, उत्तरं खाली आली. दोन्ही बटनांचा एक गट करून त्या गटाला प्रश्नाचं नाव द्यावं लागतं. मग सूत्रधार आधी प्रश्न सांगतो आणि नंतर होय-नाही. लाल ताऱ्याचंही तसंच. ‘तारांकित माहिती आवश्यक’ ही आपल्या फॉर्मांची जुनी लकब. पण तारा कुठे ‘स्टार’ म्हणून ऐकू येतो, कुठे गिळला जातो. आणि चूक झाल्यावर चौकटीची कड नुसती लाल करणं, हा तर एकतर्फी संवाद. सबमिट दाबलं, शांतता. काही झालं का? झालं असेल. चूक शब्दांत लिहिली, ती त्या चौकटीशी बांधली आणि ती प्रकट होताच वाचली जावी अशी खूण केली, तर ऐकू येतं: ‘पिनकोड सहा अंकी हवा.’ आणि माणूस कामाला लागतो.

सगळ्यात चकवणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. एनव्हीडीए नावाचा लोकप्रिय स्क्रीन रीडर दोन पद्धतींनी चालतो. पहिलीत तुम्ही पानावर फिरता: ‘एच’ दाबलं की पुढचं शीर्षक, ‘बी’ दाबलं की पुढचं बटन, ‘एफ’ दाबलं की फॉर्ममधली पुढची चौकट. म्हणजे इथे कीबोर्डवरची अक्षरं लिहायची नसतात, ती पावलं असतात. चौकटीत शिरलात की बारीकसा आवाज होतो आणि दुसरी पद्धत चालू होते. आता ‘एच’ म्हणजे ‘एच’च उमटतो. या दुसऱ्या पद्धतीत माणूस टॅबनं एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर उडी मारत जातो, आणि मधलं सगळं मागे पडतं. दोन चौकटींच्या मधोमध कुणीतरी भल्या मनानं लिहिलेलं असतं: ‘नाव आधार कार्डावर आहे तसेच लिहावे.’ ते त्याच्या कानापर्यंत येतच नाही. सूचना लिहिली होती, ठळक होती, सगळ्यांना दिसत होती. ती चौकटीला बांधलेली नव्हती, एवढंच. अर्ज फेटाळल्यावर कारकून म्हणतो, ‘सूचना वाचली नाही का?’ आणि अर्जदार खरं तेच सांगतो: सूचना नव्हती.

इथे ऐकणाऱ्यांच्या बाजूचं एक नवल सांगायलाच हवं. सरावलेली अंध व्यक्ती स्क्रीन रीडर ज्या वेगानं ऐकते, तो शेजारच्याला नुसता किर्र आवाज वाटतो. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या संशोधकांनी हे मोजलं. आपण बोलतो तेव्हा सेकंदाला सहसा चार ते आठ उच्चार-अवयव पडतात. काही अंध श्रोते सेकंदाला २२ पर्यंत समजून घेतात. ‘सातबारा’ हा शब्द एका सेकंदात सात वेळा. पुढचं याहून विलक्षण: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मेंदू-प्रतिमांमध्ये दिसलं की अशा अतिवेगवान ऐकण्याच्या वेळी मेंदूतला दृष्टीचा प्राथमिक भागही जागा होतो. डोळ्यांकडून काम येईना, तर तो भाग कानाच्या मदतीला गेला. तेव्हा स्क्रीन रीडरवाला ‘सावकाश भरणारा’ असतो ही समजूत सोडून द्यावी. तो आपल्याहून झपझप जातो. खोळंबतो तो निनावी चौकटींपाशी.

आपल्या भागात फॉर्म संगणकावर कधी आले, याचाही एक पत्ता आहे. १९९८ साली वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं जोडणारा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ऊसनोंद, तोडणी, वजन, बिल या कामांसाठी कारखान्यावर खेपा न घालता गावातल्याच संगणकावर माहिती मिळावी, हा हेतू. देशात त्याचा बोलबाला झाला. पण तिथे कळफलकापाशी बसायचा ऑपरेटर. शेतकरी बोलायचा, ऑपरेटर टाइप करायचा; फॉर्म दिसतो कसा नि ऐकू येतो कसा, हा प्रश्नच नव्हता. योगायोग असा की याच सुमारास वेबचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी सुगम्यतेचा विचार हाती घेतला होता आणि त्यांची पहिली मार्गदर्शक तत्त्वं १९९९ च्या मे महिन्यात आली. दोन्ही गोष्टींची गाठ पडायला वीसेक वर्षं जावी लागली. मधल्या काळात ऑपरेटरच्या खुर्चीवर आपल्याला बसवलं गेलं. सातबारा, ई-पीक पाहणी, लाडक्या बहिणीचं केवायसी, मुलाचा अकरावीचा प्रवेश: सगळं स्वतः. अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५ मध्ये पहिल्यांदा राज्यभर झाली, म्हणजे खटाव-माणच्या आणि जत-आटपाडीच्या पोरांनाही पसंतीक्रमाच्या याद्या पडद्यावरच भराव्या लागल्या.

एनव्हीडीएची जन्मकथा याच मधल्या काळातली. त्याआधी चांगला स्क्रीन रीडर म्हणजे महागडा परवाना, विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं स्वतःच एक लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर येऊन मिळाला, आणि तो त्यांनी फुकट, खुल्या संहितेसह वाटला. आज तो मराठीही बोलतो. आवाज जरा यांत्रिक, रेल्वेच्या जुन्या घोषणांपेक्षाही कोरडा, पण स्पष्ट.

मराठी बोलतो म्हटलं खरं, पण त्यासाठी पानानं आधी ‘मी मराठी आहे’ असं सांगावं लागतं. प्रत्येक वेबपानाच्या माथ्यावर भाषेची दोन अक्षरांची खूण घालायची सोय असते, मराठीसाठी ‘एम-आर’. ती नसली किंवा तयार साच्यातून इंग्रजीचीच राहून गेली, तर इंग्रजी आवाज देवनागरीशी झटापट करतो. हिंदीची लावली तर वाचन होतं, पण ‘जमीन’मधला ज आणि ‘चूक’मधला च हिंदी वळणाचे होतात. चालवून घेता येतं. सातबारा मागायला आलेल्याला ‘जमीन’ परकी वाटावी, हे काही बरं नव्हे.

खरी गंमत जुन्या फाँटांची. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, ‘स’चा २३६०. कुठल्याही संगणकाला तो क्रमांक दिला की त्याला कळतं हा देवनागरी ‘स’. पण आपल्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत वर्षानुवर्षं जे फाँट चालले, त्यांनी वेगळी युक्ती केली होती: आत इंग्रजी अक्षर साठवायचं आणि त्याच्या अंगावर मराठी अक्षराचं चित्र चढवायचं. कृतिदेव फाँटात ‘सातारा’ लिहा. पडद्यावर सुंदर सातारा. संगणकाच्या पोटात मात्र एल, के, आर, के, जे, के. ‘सांगली’ म्हणजे एल, के, ए, एक्स, वाय, एच. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो. त्यामुळे अशा फाँटात केलेली ‘अर्ज भरण्याच्या सूचना’ची पीडीएफ उघडली, की अख्खं परिपत्रक ‘एल के आर के जे के’ या सुरात ऐकावं लागतं. आणि परिपत्रक स्कॅन करून चढवलं असेल तर तेवढंही नाही, नुसतं ‘ग्राफिक’. पुढे शांतता.

उलटा प्रकारही होतो. मराठी कळफलकावर माणूस मोबाईल क्रमांक ९८ने सुरू करतो, आणि फॉर्म म्हणतो की क्रमांक अवैध. तपासणाऱ्या ओळीला देवनागरी अंक ठाऊकच नाहीत. मराठी फॉर्मला मराठी नऊ ओळखता येऊ नये, याला काय म्हणावं?

गावांच्या यादीत कानाची परीक्षा असते. सांगलीत कवठेमहांकाळ आहे, कवठे एकंद आहे, कवठे पिरान आहे; साताऱ्यात वाईजवळ नुसतं कवठे. डोळा शेवटच्या शब्दावर पटकन जातो. कानाला ‘कवठे’ प्रत्येक वेळी ऐकून पुढच्या शब्दाची वाट बघावी लागते. बुद्रुक आणि खुर्दही शेवटीच. यावर इलाज आहे: यादीऐवजी टाइप करता येईल अशी चौकट, चार अक्षरं लिहिली की ‘तीन गावं सापडली’ असं बोलून सांगणारी. तालुका निवडल्यावर गावं आली, हेही असंच बोलून सांगावं लागतं. नाहीतर ती आल्याचं कळणार कसं? आणि सुरुवातीला सांगितलेल्या जिल्ह्यांच्या घोळावर तर यादीपुढे ‘पुढे जा’ असं एक बटन ठेवलं की पुरतं.

या सगळ्यातून पार पडून शेवटी उभा असतो कॅप्चा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा आणि तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. हे नाव २००३ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुई व्हॉन आन आणि सहकाऱ्यांनी रूढ केलं. त्यातला तिढा मोठा तात्त्विक आहे: जे यंत्राला वाचता येणार नाही ते दाखवायचं, आणि अंध माणूस तर यंत्राकरवीच वाचतो. म्हणजे यंत्राला अडवण्यासाठी घातलेली भिंत नेमकी त्याच्या डोक्यावर आपटते. आवाजी कॅप्चा असतो कुठे कुठे, गोंगाटात इंग्रजी अक्षरं पुटपुटणारा. आता यंत्रं असली अक्षरं माणसांपेक्षा चांगली ओळखू लागली, तेव्हा या भिंतीचा उपयोग कुणाला, हा प्रश्न आहेच. दुसरे मार्ग आहेत. एक फार धूर्त: फॉर्ममध्ये एक अदृश्य चौकट ठेवायची. माणसाला ती दिसत नाही म्हणून तो भरत नाही. स्वयंचलित बॉट दिसेल ती चौकट भरतो आणि पकडला जातो. मात्र ती चौकट त्या ऐकायच्या प्रतीतूनही लपवायला हवी, नाहीतर अंध अर्जदार ती प्रामाणिकपणे भरतो आणि बॉट ठरतो.

‘मग सेवा केंद्रात जाऊन भरून घ्यायचं की,’ असं सहज म्हटलं जातं. जातातच लोक. पण तिथे खाते क्रमांक मोठ्यानं सांगावा लागतो, उत्पन्न सांगावं लागतं, आजार सांगावा लागतो, मोबाईलवर आलेला ओटीपी अनोळखी माणसाला वाचून दाखवावा लागतो, आणि मागे रांगेत अर्धं गाव. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेली माणसं सुमारे पावणेसहा लाख होती. २०२१ च्या जूनपासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही यूडीआयडी पोर्टलवरूनच द्यायचं ठरलं. म्हणजे दिसत नाही, या दाखल्यासाठीही आधी ऑनलाइन फॉर्म.

कायदा या बाबतीत मागे नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दल स्पष्ट बोलतो. अडलं होतं नियमांत: २०१७ च्या नियमावलीतला नियम १५ सल्ल्यासारखा वापरला जात होता. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष करायला सांगितले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा निकाल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतरांची एक याचिका, अंध वकील अमर जैन यांची दुसरी. बँकेच्या डिजिटल केवायसीत ‘डोळे मिचकावा’ असं सांगितलं जायचं. ज्यांच्या पापण्याच हल्ल्यात गेल्या त्यांनी काय मिचकावायचं? आणि ज्याला पडदाच दिसत नाही त्यानं चेहरा गोलात कसा बसवायचा? न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २१ चा भाग मानला आणि २० निर्देश दिले. पापण्या न मिचकावता जिवंतपणा सिद्ध करण्याचा पर्याय द्या, हाही त्यांत आहे.

निकाल वाचून फॉर्म सुधारत नाहीत. ते सुधारणारी माणसं सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून किंवा कराडच्या अभियांत्रिकीतून बाहेर पडतात, आणि त्यांतल्या किती जणांनी आपला फॉर्म एकदा तरी ऐकला असेल, याबद्दल मला शंका आहे. ऐकायला काही लागत नाही. एनव्हीडीए उतरवून घ्या, माऊस बाजूला ठेवा, पडद्याचा प्रकाश शून्यावर आणा आणि टॅबनं आपलाच फॉर्म भरायला घ्या. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असतो. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची वस्तू, दोनदा टेकवलं की निवड. पहिली चूक बहुधा मिनिटभरात ऐकू येईल. अनेकदा ती सबमिटच्या बटनावरच असते: वर देखणी निळी कड, आत बाणाचं चित्र, आणि आवाज म्हणतो नुसतं ‘बटन’.